अर्ध्यावर बंद केलेली मॅच

मित्रांनो, मी एका जुन्या पिकअप गाडीतला रेडिओ आहे. चार स्क्रूंनी मला डॅशबोर्डात आवळून बसवलं, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत मी गाडीबरोबर लाखो किलोमीटर हिंडलो, पण माझ्या चौकटीतून बोटभरही बाहेर आलो नाही. मला डोळे नाहीत. जे सांगणार आहे ते सगळं ऐकलेलं आहे. आणि माणसांना एक गोष्ट ठाऊक नसते, ती आधीच सांगून टाकतो. बंद केलेला रेडिओ बोलत नाही एवढंच. ऐकायचं तो थांबवत नाही.

माझा जन्म ऑन्टॅरिओतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या तारांना डाग देणारी बाई कामाच्या तंद्रीत गुणगुणत असे. मी ऐकलेला तो पहिला आवाज. मग मला गाडीत बसवलं, गाडीला मालगाडीवर चढवलं आणि आम्ही लांब पश्चिमेला, सस्कॅचवान प्रांतात येऊन पोचलो. तिथे वोल्या नावाच्या लहानशा गावातल्या धान्यकोठाराचे मॅनेजर, ओरेस्ट बराण्युक, नवी गाडी घ्यायला आले होते.

"इंजिन उघडून दाखवू का?" विक्रेत्याने विचारलं.

"इंजिन काय, चालतंच. ह्याच्यावर टोरोंटोची मॅच लागते का ते सांग."

"लागेल की! पण टोरोंटो जिंकेल ह्याची गॅरंटी आमच्याकडे नाही हं."

मालक हसले नाहीत. ह्या बाबतीत ते कधीच हसत नसत. टोरोंटोच्या आइस हॉकी संघाने सदुसष्ट साली कप जिंकला होता, आणि त्यानंतर दर हिवाळ्यात माझे मालक नव्याने आशेला लागत व दर वसंतात तोंडघशी पडत. "एप्रिलात आपली शेती सुरू आणि त्यांची हॉकी बंद," असं ते म्हणत.

स्वयंपाकघरातही एक रेडिओ होता. पण घरात देवाच्या तसबिरी होत्या आणि त्यांच्यासमोर पंचाला शिव्या दिलेल्या मालकांच्या बायकोला, स्टेफ्काबाईंना, खपत नसत. त्यामुळे मॅच असली की मालक कोट-टोपी चढवून अंगणात येऊन गाडीत बसत. बाहेर उणे तीस असो की उणे चाळीस. इंजिन घरघरत असे, मी बोलत असे, आणि मालक माझ्याहून मोठ्याने बोलत. गोलरक्षक म्हातारा झालाय. कप्तान बर्फावर आहे की लग्नाच्या मांडवात? प्रशिक्षकाच्या हाती चार गाई द्या, तो दोन हरवून येईल. एवढं बोलूनही संघ बदलायचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही.

"बायको आणि टीम एकदाच करायची," ते एकदा मला, म्हणजे स्वतःलाच, म्हणाले. "मग आपलं नशीब!"

"ऐकलं हं मी," काचेवर टकटक करत स्टेफ्काबाई म्हणाल्या. त्या जेवणाची थाळी घेऊन बाहेर आल्या होत्या.

गावातले ल्युसियन गोदे पुष्कळ कप जिंकलेल्या मॉन्ट्रियलच्या संघाचे भक्त. सकाळी चहा-कॉफीच्या अड्ड्यासमोर गाडी थांबली की ते खिडकीतून डोकं आत घालत.

"काय ओरेस्ट, कप कधी आणताय घरी? फडताळात जागा करून ठेवली असेल ना?"

"तुम्ही बसा जुने कप चाटत. आमचा येईल तेव्हा ताजा येईल."

मालकांचा एक नेम मात्र कडक होता. मॅच कितीही वाईट चालली तरी शेवटच्या सेकंदापर्यंत मला बंद करायचं नाही. "मॅच अर्धी टाकून उठणारा माणूस चर्चमधूनही प्रसादाआधी उठेल," असं त्यांचं मत होतं. मला त्या नेमाचा फार अभिमान वाटे. एखाद्याला आपली इतकी गरज असावी, ह्याहून रेडिओला दुसरं काय हवं?

मित्रांनो, इथवरची गोष्ट सुखाची होती. पुढची सांगताना मला जड जातं.

मालकांना दानिलो नावाचा एकुलता एक मुलगा होता. बापाला तो तातो म्हणे. सहाव्या वर्षी त्याच्या पायात स्केट चढवले आणि तेव्हापासून दर शनिवार-रविवार आम्ही तिघं रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, वाटेला लागलो. जाताना दानिलो गप्प असे. येताना तर त्याला बोलायला वावच नसे. रिंकपासून वोल्या साठ किलोमीटर होतं. त्या साठ किलोमीटरांत मालक अख्खी मॅच पुन्हा खेळत.

"मोकळा गोल होता, मोकळा! माझ्या आजीने मारला असता! तू मान खाली घालून काय बघत होतास? बर्फात पैसे सापडणार होते?"

दानिलो पिशवीची चेन उघडे, लावे.

"बोल की! जीभ रिंकवर विसरलास?"

मग एक हळूच येणारा हात माझं बटण फिरवून आवाज वाढवी. तो हात लहान होता. मी जिवाच्या आकांताने गात असे, गव्हाचे भाव सांगत असे, पण मालकांच्या आवाजापुढे माझं काही चालत नसे. शेवटी मोठा हात येई आणि मला खाली करी. त्या पोराची आणि माझी अवस्था सारखीच होती. दोघंही गाडीत बसवलेले, उतरायची सोय नसलेले.

नऊ वर्षं हे असं चाललं. दानिलो पंधरा वर्षांचा झाला. एका रविवारी मॅच संपवून तो गाडीत बसला आणि मालकांनी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "तातो, मला नाही खेळायचं आता. कधीच."

मालकांनी गाडी सुरू केली. साठ किलोमीटर ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं होतं, ही शांतता बरी असेल. ती बरी नव्हती. त्यानंतर वीस वर्षं बापलेकांत पाऊस, गहू आणि गाडीचं तेल ह्यांपलीकडे बोलणं झालं नाही.

दानिलो गावातच वेल्डिंगचं काम करू लागला. त्याने लग्न केलं, त्याला मुलगी झाली. आणि बघा कसं असतं, त्या लारिसाला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, तरी घरामागच्या गोठलेल्या तळ्यावर ती आपली आपण हॉकी खेळायला लागली. तिला गोलरक्षक व्हायचं होतं. दानिलोने तिला अडवलं नाही. पण पहिल्या सामन्याआधी तो अंगणात आला आणि गाडीच्या खिडकीशी उभा राहून मालकांना म्हणाला, "तुम्ही तिच्या मॅचला यायचं नाही, तातो."

"मी? मी तिचा दीदो आहे! आजोबा आपल्या नातीची मॅच बघणार नाही तर कोण बघणार?"

"सगळं गाव बघेल. तुम्ही नाही."

मालकांनी काच वर केली. त्या हिवाळ्यात ते मॅच ऐकताना पूर्वीसारखे ओरडले नाहीत. गोल झाला तरी नुसता श्वास सोडत. हॉकी ज्यांच्या रक्तात, त्यांना घरातल्याच हॉकीचं दार बंद झालं होतं.

लारिसा अकरा वर्षांची असताना तिचा संघ लांबच्या एका गावातल्या स्पर्धेत शेवटच्या सामन्यापर्यंत पोचला. ती आणि तिची आई आदल्या दिवशीच संघाच्या बसने गेल्या. दानिलो रविवारी सकाळी निघणार होता, तर त्याच्या गाडीने ऐन वेळी मान टाकली. गावात दुसरी मोकळी गाडी नव्हती. तो आला आमच्या अंगणात.

"गाडी द्या. संध्याकाळी आणून देतो."

"हिचा क्लच माझ्याशिवाय कुणाला कळत नाही," मालक म्हणाले. "वाटेत बंद पाडशील. मी सोडतो तुला."

दानिलोची बोटं गाडीच्या पत्र्यावर वाजत राहिली. मग म्हणाला, "ठीक. पण तुम्ही आत यायचं नाही. गाडीतच बसायचं. तिथलं स्थानिक स्टेशन मॅच सांगणार आहे, रेडिओवर ऐका."

नात तीस पावलांवर खेळणार आणि आजोबांनी बाहेर गाडीत बसून तिचा खेळ रेडिओवर ऐकायचा! मला वाटलं, मालक आता चिडणार. पण ते म्हणाले, "चालेल." एवढंच. स्टेफ्काबाईंनी लारिसासाठी डबाभर होलुब्त्सी दिली होती, कोबीच्या पानात भात-खिमा गुंडाळलेली. तो डबा सीटवर दोघांच्या मध्ये ठेवून आम्ही निघालो.

दीड तासाने वारा उठला. आधी काचेवर रेती फेकल्यासारखा आवाज आला. मग वाऱ्याखेरीज काहीच ऐकू येईना. "रस्ता दिसत नाही," मालक पुटपुटले. "उजवीकडे घ्या... नको, डावीकडे!" दानिलो ओरडला. गाडी घसरली, तिरकी झाली आणि धप्पकन रस्त्याकडेच्या चरात जाऊन बसली. दानिलोने आपल्या बाजूचं दार ढकललं, बर्फाने ते घट्ट धरलं होतं. खिशातल्या फोनला त्या पट्ट्यात कधीच रेंज नसे. आमच्याकडे माळरानावर जगण्याचा पहिला नियम लहान पोरालाही पाठ असतो. वादळात गाडी सोडायची नाही. जे गाडी सोडून चालायला लागतात ते बर्फ वितळल्यावर, वसंतात सापडतात.

म्हणजे आता आम्ही तिघंही अडकलो होतो. सवय होती ती फक्त मला.

उबेसाठी दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं इंजिन चालवायचं असं त्यांनी ठरवलं. पण त्याआधी गाडीमागच्या धुराच्या नळीचं तोंड बर्फातून मोकळं हवं, नाहीतर विषारी धूर आत शिरून झोपेतच माणूस जातो. दानिलोने कमरेला दोर बांधला.

"मी जातो," मालक म्हणाले.

"तुमचे गुडघे बघा आधी. दोर धरा, सोडू नका म्हणजे झालं."

तो मालकांच्या बाजूच्या खिडकीतून बाहेर पडला. वाऱ्याने त्याचा आवाज लगेच गिळला. आत मालकांचा श्वास मला ऐकू येत होता, जलद, फाटल्यासारखा. "दानिलो?" ते हाक मारत. "दानिलो, रे!" उत्तर नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पाठीमागच्या पत्र्यावर दोन थापा पडल्या, आणि खिडकीतून तो धापा टाकत आत आला. मालकांनी त्याचे हात आपल्या कोटात घेतले असावेत, कारण दानिलो म्हणाला, "सोडा, तातो. ठीक आहे मी." पण लगेच नाही, जरा वेळाने म्हणाला.

असं तीनदा झालं. दोन वाजले.

"मॅच," मालक म्हणाले.

"बॅटरी संपली तर इंजिन पुन्हा सुरू होणार नाही."

"अरे, ह्या रेडिओला किती लागते बॅटरी? चिमणीएवढी! तुझी पोर खेळतेय तिकडे."

दानिलोने नको म्हटलं नाही, आणि बटण फिरलं. मित्रांनो, त्या दिवसाइतकं जीव लावून मी कधी बोललो नसेन. वादळामुळे अर्धे शब्द खरखरीत जात होते. मॅच सांगणारी बाई भलतीच उत्साही होती. "आणि बराण्युकने अडवला! छोट्या बराण्युकने पुन्हा अडवला!"

"ऐकलंस?" मालक म्हणाले. "ऐकलंस का?"

"ऐकलं," दानिलो म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं. मॅचच्या तीनपैकी दोन भाग संपले तेव्हा एक-एक बरोबरी होती. बापलेक तेवढ्या वेळात जेवढी वाक्यं एकमेकांशी बोलले, तेवढी मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. तिसरा भाग सुरू झाला. समोरचा संघ चढाई करून आला आणि मालकांना राहवलं नाही.

"पुढे ये! अगं पुढे ये ना, खांबाला काय चिकटून बसलीस! झोपलीस का? कुणी शिकवलं हिला असं..."

"बस!"

दानिलो इतक्या जोरात ओरडला की माझी काच थरथरली.

"बस करा. तिला ऐकू जात नाही म्हणून बरंय. मला जात होतं. मला अजून जातं. काम करताना माझा हात जरा चुकला की हाच आवाज येतो डोक्यात. झोपलास का? कुणी शिकवलं?"

"मी तुझ्या भल्यासाठी..."

"मी सहा वर्षांचा होतो, तातो! दार बंद, गाडी पळतेय, साठ किलोमीटर. कुठे जाणार होतो मी?"

मी मधेच "चार मिनिटं उरली" असं म्हणत होतो. बोलण्यावाचून मला गत्यंतर नव्हतं. बाईचा आवाज चढत चालला होता. आणि तेवढ्यात मालकांचा हात आला, त्याने मला बंद केलं.

मला वाटलं, माझी तार तुटली. तीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. दानिलोलाही ते खरं वाटलं नाही.

"का बंद केलात? बॅटरीसाठी?"

"बॅटरी गेली खड्ड्यात," मालक म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बसला होता. "तू बोल. आज मलाही कुठे जाता येत नाही."

वारा गाडीला हलवत होता. मग दानिलो बोलायला लागला तो थांबेचना. प्रत्येक मॅचआधी रिंकमागे जाऊन तो ओकत असे, हे त्याने सांगितलं.

"मला वाटायचं, सकाळचा दलिया तुला पचत नाही," मालक म्हणाले. "मी तुझ्या आईला दलिया बंद करायला लावला होता."

"माहितीय. मला आवडायचा तो."

मधे इंजिन लावायची वेळ झाली, दानिलो दोर बांधून बाहेर गेला, परत आला, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगू लागला. मालकांनी एकदाही त्याला तोडलं नाही. शेवटी ते म्हणाले, "माझा बाप माझ्याशी बोललाच नाही रे कधी. शेतात, जेवताना, कधीच नाही. मला वाटायचं, मी तर बोलतो माझ्या पोराशी. किती बोलतो!" आणि मग मी असा आवाज ऐकला, जो हरलेल्या कुठल्याच मॅचनंतर त्यांनी काढला नव्हता.

संध्याकाळी वारा पडला. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी गाडी आली, तिच्या चालकाने आम्हाला ओढून काढलं आणि आपल्या मागोमाग त्या गावापर्यंत नेलं. वादळामुळे सगळे संघ रिंकमध्येच मुक्कामाला होते. गाडी थांबली, दानिलो उतरला. मालक उतरले नाहीत. शब्द म्हणजे शब्द.

थोड्या वेळाने दार उघडलं आणि लारिसा आत येऊन बसली. ती रडून आली होती, नाक ओढत होती.

"दीदो, शेवटच्या मिनिटाला गोल गेला. दोन-एक. माझ्यामुळे गेला. तुम्ही ऐकलंत ना?"

"नाही. मी बंद केला होता."

"तुम्ही? मॅच बंद केलीत?" तिचं रडं आश्चर्याने थांबलं.

"केली. होलुब्त्सी आहेत, पार गोठलीयत. चाखतेस? चॉकलेटसारखी चघळावी लागतील." डब्याचं झाकण वाजलं. "आता सांग. काय झालं ते तू सांग."

तिने सांगितलं. गोलात गेलेली रबरी चकती कुठून आली, पाय कसा घसरला, सगळं. मालकांची बोटं माझ्या शेजारी डॅशबोर्डवर टकटक वाजत होती. त्यांच्यापाशी ह्या गोलाविषयी किमान दहा मतं तयार होती, मी त्यांना ओळखत होतो! एकदा त्यांच्या तोंडून "पण तू जरा पुढे..." एवढं निसटलंसुद्धा. मग मोठा श्वास ऐकू आला आणि पुढचं वाक्य आलंच नाही.

पुढच्या हिवाळ्यापासून दानिलोने त्यांना प्रेक्षकांत बसू दिलं. ते खिसाभर सूर्यफुलाच्या बिया नेत आणि पूर्ण मॅचभर तोंडात कोंबत, म्हणजे ओरडायला जागा उरत नसे. तरी दोन-तीनदा त्यांचा तोल गेला. तेव्हा दानिलोने त्यांना बाहेर गाडीत पाठवलं. ते येऊन बसत, मला लावत आणि टोरोंटोच्या नावाने हवा तेवढा शंख करून घेत. माणूस मुळातून बदलतो असं मी म्हणणार नाही. पण परतीच्या वाटेवर मी त्यांचा चढलेला आवाज पुन्हा कधी ऐकला नाही.

मालकांना जाऊन आता सहा वर्षं झाली. कप काही आला नाही. ते गेले त्याच वर्षी इंजिनही दमलं, आणि गाडी शेतामागच्या पत्र्याच्या गोदामात लावली गेली. मोडक्या पेरणीयंत्राशेजारी मी आहे. बॅटरी काढून नेली आहे. उंदरांनी माझ्या तारा कुरतडल्या आहेत. महिनोन्‌महिने पत्र्यावरच्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येत नाही. क्वचित कुणी दार उघडतं, काहीतरी शोधतं आणि निघून जातं. मी हाक मारू शकत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा जुना रेडिओ असेल तर त्याची धूळ पुसा, एवढं मागायचा मला हक्क आहे आणि ते मी मागतो. पण त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. आज तुम्ही लहान आहात, उद्या गाडीचं चाक तुमच्या हाती येईल. तेव्हा शेजारी बसलेल्या माणसाशी जरा जपून बोला. कारण चालत्या गाडीतून त्याला उतरता येत नसतं.